कुटुंब : नाही

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला पिराजीनं राजीनाम्याचा कागद ऑफिसच्या खिडकीतून आत सरकवला, तेव्हा त्याची थोरली बहीण तानाबाई वीस पावलांवर कोअरच्या टेबलापाशी उभी होती. तिनं मुद्दाम तिकडं पाठ केली. वाळूत तेल कालवताना हात एका लयीत फिरावा लागतो, नाहीतर गोळे होतात. त्या दिवशी पहिल्याच घाण्याला गोळे झाले.

उचगावच्या पुढं माळावर ही फौंड्री. पत्र्याच्या दोन शेड, मधे भट्टी, आणि कडेला बायकांचं कोअरचं खातं, जिथं साच्याच्या पोकळीत बसवायचे वाळूचे गाभे बनत. भट्टीतून निघालेला लोखंडाचा रस लॅडलमध्ये, म्हणजे दांड्याच्या भांड्यात, धरून साच्यात ओतायचं काम पिराजी तेरा वर्षं करत होता. ओतताना धार तुटली तर माल वाया जातो आणि उडाली तर माणूस वाया जातो. पिराजीची धार कधी तुटली नव्हती. असा पर्मनंट माणूस आपणहून नोकरी सोडतो तो कशाला, तर पोरीसाठी.

पिराजीची बायको तीन वर्षांमागं काविळीनं गेली. तेव्हापासून लेक क्रांती आत्याच्या हाताखाली वाढत होती. तानाबाईला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला, ती भावाच्याच घरी राहिली होती. पोर आठ वर्षांची, दुसरीत. शाळेच्या तीन पायऱ्या चढली की ओठ जांभळे पडायचे. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात तपासून सांगितलं, हृदयाला भोक आहे, ऑपरेशन करावं लागेल, मे महिना ओलांडू नका. खर्च ऐकून दोघं भावंडं बाहेरच्या बाकड्यावर बराच वेळ बसून राहिली. मागवलेला चहा तसाच निवून गेला.

नोकरीत असताना फंड सगळा निघत नाही, सोडली की निघतो. एवढं भट्टीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. महिनाभर घरात तेच चाललं होतं.

"फंड संपल्यावर खायचं काय रं?" तानाबाई विचारायची.

"पोर वाचली तर खायाचं बघू की, आक्का."

शेवटी गुरुवारी संध्याकाळी तीच म्हणाली, दे कागद.

आता याच महिन्यात, म्हणजे सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत, कारखान्याला कामगार विमा लागू होणार होता. तशी नोटीस गेटाजवळच्या फळ्यावर पंधरा दिवस लागलेली होती. नोटीस लिहिली होती टाइम ऑफिसच्या सोमशेखरनं. सोमशेखर गडहिंग्लजच्या खालच्या अंगाचा, घरात कानडी बोलणारा, पण मराठी अक्षर असं की मोत्याचा सर. त्यानं लिहिलं होतं, "सर्व कामगारांना कळविण्यात येते की, येत्या एक मार्चपासून कामगार विमा योजनेचे हितलाभ कामगार व त्याचे कुटुंब यांस मिळतील. तरी प्रत्येकाने आपल्या कुटुंबाचे छायाचित्र, दोन प्रती, एकवीस तारखेच्या आत कार्यालयात आणून द्यावे."

चहाच्या सुट्टीत लोक फळ्यापुढं जमले तेव्हा भट्टीवरचा आकाराम म्हणाला, "हितलाभ म्हंजे काय रं? हितं लाभ. गेटाच्या भाईर गेला की न्हाय." सगळे हसले. पण फोटो काढायला लोक गेले. उचगावच्या फोटोवाल्यानं त्या पंधरवड्यात जेवढ्या बायकांचे फोटो काढले तेवढे लग्नसराईत काढले नसतील. नवी लुगडी, डोक्यावरून पदर, आणि चेहऱ्यावर असा धाक की जणू पोलिसांनी बोलावलंय.

पिराजीनंही नोटीस वाचली होती. चौथी शिकलेला. घरी येऊन बहिणीला म्हणाला, "विमा बायकू असल्यांचा हाय, आक्का. पगारातनं कापनार समद्यांचं आनि देनार जोडप्यांना." त्यावर दोघांनी तो विषय सोडून दिला. फॉर्म भरायच्या दिवशी पिराजी रांगेत उभा राहिला. सोमशेखरनं मान वर न करता विचारलं, "कुटुंब?" पिराजी म्हणाला, "न्हाय." सोमशेखरनं लिहून घेतलं आणि पुढच्याला बोलावलं.

त्या शुक्रवारी भट्टी लवकर पेटली होती, कारण दुपारनंतर लाईट जायची. साडेदहाला रस सुटला. लाल उजेड शेडच्या पत्र्यावर नाचू लागला. त्याच सुमाराला सोमशेखर बगलेत फॉर्मचा गठ्ठा मारून कोअरच्या खात्यात आला. चेहरा त्रासलेला.

"तुम्ही सहाजणींनी फोटो का दिले नाहीत? आज शेवटची तारीख. दुपारी मला हे सगळं कोल्हापूरला नेऊन द्यायचंय. तुमच्यापायी माझं काम अडलंय."

विठाबाई सगळ्यांत म्हातारी आणि तोंडाळ. तिनं हातातली कोअर-पेटी टेबलावर आपटून वाळू झाडली. "आमी कशाचं फोटू देऊ, सायब?"

"कुटुंबाचे."

"आमास्नी कुटुंब कुठलं? आमीच कुनाचं तरी कुटुंब न्हवं का?"

बायका फिस्सकन हसल्या. एकजण म्हणाली, "माज्या दाल्ल्यानं माझा फोटू त्येच्या कारखान्यात कवाच दिलाय. आता मी कुनाचा देऊ?"

"तुम्ही थट्टा करताय," सोमशेखर म्हणाला.

"थट्टा कसली? नोटीस गड्यांस्नी हाय, आमास्नी न्हाय. सरळ लिवलंय की. आपल्या कुटुंबाचा फोटू."

सोमशेखर गोंधळून एकेकीच्या तोंडाकडं पाहू लागला. तानाबाईनं हात पुसले. तिच्या मनात काहीतरी टोचलं, पण काय ते तिला सांगता आलं नसतं.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमच्या घरात कुटुंब म्हंजे कोन?"

"कोण म्हणजे? सगळे. मी, बायको, मुलगा, मुलगी, आमची अव्वा, म्हणजे आई."

"पोरं पन?"

"पोरं नाहीत तर कुटुंब कसलं?"

विठाबाईचं हसू विरलं. सोमशेखरला अजून कळलं नव्हतं. तानाबाईला मात्र कानात भट्टीच्या भात्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

"अण्णा, आमच्यात कुटुंब म्हंजे बायकू," ती म्हणाली. "नुसती बायकू. आमचं कुटुंब माहेरी गेलंय म्हनलं की बायकू माहेरी गेली. पोरं त्यात न्हाईत. आईबा न्हाईत."

सोमशेखरनं गठ्ठ्याची दोरी सोडली. पहिला फॉर्म, एक बाई. दुसरा, एक बाई. तिसरा, चौथा, पाचवा. त्याचं बोट प्रत्येक पानावर एका नावापाशी थांबत होतं आणि पुढचे रकाने कोरे. घाम फुटला त्याला.

"मला वाटलं लोक लपवतायत," तो पुटपुटला. "जितकी नावं तितकं जास्त कापतील म्हणून. म्हटलं, नाही सांगत तर नाही. एकशे अठरा फॉर्म."

"माझ्या भावाचा काडा."

"तुमचा भाऊ..."

"भट्टीवरचा पिराजी."

त्यानं फॉर्म काढला. तानाबाई सहा वर्षांमागं उचगावच्या शाळेत साक्षरतेच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकली होती, चाळिशी उलटल्यावर. तिनं बोट ठेवून वाचलं. कुटुंब, दोन ठिपके, नाही. त्या 'नाही'खाली तिच्या डोळ्यांपुढं पोर दिसली, तिसऱ्या पायरीवर भिंतीला टेकून दम खाणारी.

"ह्यात लेक बसती का? हृदयाचं ऑपरेशन बसतं?"

"बसतं. विम्याच्या दवाखान्यात दाखवायचं, तिथले डॉक्टर मोठ्या दवाखान्यात पाठवतात. खर्च विम्याचा. पण नाव फॉर्मवर पाहिजे, आणि माणूस एक तारखेला नोकरीत पाहिजे." बोलता बोलता सोमशेखर थांबला. सकाळी खिडकीतून आलेला कागद त्यानंच आवक वहीत चढवला होता. "तो का सोडतोय हे मी विचारलंच नाही, तानाक्का."

"कुठं हाय कागद?"

"मालकांच्या टेबलावर. साडेअकराला येतात, सह्या करतात आणि जातात. मला तो परत काढता येत नाही. त्यानं स्वतः मागायला पाहिजे."

शेडमधल्या घड्याळात अकराला पाच कमी होते. रस बारापर्यंत चालणार होता.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. फौंड्रीत रस हातात असलेल्या माणसाला हाक मारत नाहीत. नियम कुठं लिहिलेला नाही. नऊ वर्षांमागं सयाजी नावाचा एकजण लॅडल घेऊन चालला होता, गेटावर पाहुणा आला म्हणून कुणीतरी त्याला नावानं हाक मारली, आणि सयाजीनं मान वळवली. त्याचा उजवा पाय घोट्यापासून गेला. त्या दिवसापासून रस सुटला की शेडमध्ये कुणी कुणाला नावानं पुकारत नसे. मालक आले तरी गप्प उभे राहत.

तानाबाई पहिल्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. तिनं मनाशी म्हटलं, हाक नको मारायला, तो रिकामा लॅडल घेऊन परतताना त्याला दिसेन, तेव्हा खूण करीन. पिराजी आणि आकाराम दोन बाजूंनी दांडा धरून साच्यांच्या ओळीतून चालले होते. दांड्याच्या मध्यावर रस पिवळाजर्द. पिराजीनं पहिला साचा भरला, दुसरा भरला, आणि तिसऱ्यावर वाकताना त्याची नजर सहज वर आली.

बहीण कामाच्या वेळी खात्याबाहेर. हात रिकामे. तोंड उतरलेलं.

त्यानं काय समजायचं ते समजला. पोरीचंच काहीतरी. धार थरथरली, साच्याच्या कडेवर पडली, आणि ठिणग्या आकारामच्या गुडघ्यापर्यंत उडाल्या. आकारामनं शिवी घातली. पिराजीनं दात आवळून दांडा सावरला.

तानाबाई खांबाआड झाली. पाठ खांबाला लावून ती उभी राहिली, पदर तोंडात धरून. आपण नुसतं दिसलो तर एवढं झालं. तिला पुन्हा डोकावून बघायचा धीर होईना. ओळीतून दोघांच्या बुटांचा आवाज आला, थांबला, परत आला. धार नीट पडल्याचा तो भरदार आवाज ऐकू आला तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला आणि मागच्या अंगानं ऑफिसची वाट धरली.

जीप अकरा वीसलाच आली होती. धाकले मालक अमरसिंह खुर्चीवर बसून सह्या करत होते. सोमशेखर भिंतीला लागून उभा. तानाबाई दारात थांबली. तेरा-चौदा वर्षांत ती या दारातून आत आली नव्हती.

"काय काढलं?" मालक म्हणाले.

"पिराजीच्या कागदावर सही करू नगासा, मालक."

"का? त्यानं स्वतःच्या हातानं दिलाय. मी माणूस बघितलाय त्याच्या जागी, मंगळवारपासून येतोय."

"त्येला चुकीचं कळलंय."

मालकांनी सोमशेखरकडं पाहिलं. सोमशेखर घाईघाईनं बोलू लागला, सर, हितलाभास पात्र अवलंबितांच्या नोंदीसंदर्भात कामगारांचा गैरसमज होऊन, असं काहीतरी. मालकांच्या कपाळाला आठी पडली.

"मराठीत बोल की रे."

"मालक," तानाबाई म्हणाली, "थोरलं मालक हितं बसायचं तवा म्हनायचं, आज डबा न्हाय, कुटुंब गावाला गेलंय. तवा कोन गेल्यालं असायचं?"

"कोण म्हणजे? आई," अमरसिंह म्हणाले. आणि पेन कागदापासून चार बोटं वर राहिलं. त्यांनी टेबलावरचा गठ्ठा जवळ ओढला. एक फोटो बघितला, दुसरा, दहावा. मग हळूच म्हणाले, "सगळे असेच?"

"सगळे, सर."

"एकशे अठरा माणसांत एकालाही पोर नाही, एकालाही आई नाही, आणि तुला शंका आली नाही. उद्या कुणाचं पोर दवाखान्यातनं परत आलं म्हणजे लोक मला गेटावर धरतील. तुला नाही, मला."

सोमशेखरनं पसरलेले फोटो गोळा केले. तानाबाईला त्याची कीव आली, पण कीव करायला वेळ नव्हता.

"पिराजीचा कागद, मालक."

अमरसिंहांनी घड्याळ बघितलं. "बाराला मला बेळगावला निघायचंय. तोवर तो स्वतः आला तर कागद त्याच्या हातात देतो. नाही आला तर सही करून जाणार. रोज मन बदलणाऱ्या माणसाच्या भरवशावर मला भट्टी ठेवता येत नाही, मावशी. ज्याला मंगळवारी बोलावलंय त्यालाही मी शब्द दिलाय."

"रस चालू हाय."

"मला दिसतंय ते."

बाराला वीस कमी असताना भट्टीचं तोंड तुंबलं. रसातली मळी अडकली की रस थेंबथेंब येतो, आणि मग लोखंडी सळईनं तोंड मोकळं करावं लागतं. आकाराम सळई घेऊन वाकला. पिराजी लॅडल धरून उभा. सगळी शेड थांबली. तानाबाई मागच्या दारात, भावाला दिसणार नाही अशा जागी, चौकट धरून उभी होती. सळईचे घाव ती मोजत होती. सात. आठ. थांबला. घाम पुसला. पुन्हा. अकराव्या घावाला तोंड फुटलं आणि रस भसकन आला.

शेवटचा साचा भरून लॅडल खाली टेकलं तेव्हा बाराला सहा मिनिटं होती. पिराजी टोपी काढून माठाकडं चालला. तानाबाई धावत त्याच्या पुढं झाली.

"क्रांती?" त्यानं एवढंच विचारलं.

"बरी हाय, शाळंत हाय. कागद मागं घे. आत्ता."

"काय?"

"ऑपरेशन विम्यात हुतंय. कुटुंब म्हंजे बायकू न्हवं, पोरं पन. अण्णाच्या लिवण्यात घोळ झालाय. चल."

पिराजीनं तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं. पाणी गालांवरच्या काजळीतून ओघळत उतरलं. तो जागचा हलला नाही. सोमशेखर फॉर्म घेऊन धापा टाकत आला.

"पिराजी, योजनेच्या व्याख्येनुसार तुझी मुलगी अवलंबित म्हणून हितलाभास..."

"पुन्यांदा हितलाभ," पिराजी म्हणाला. त्याचा आवाज शांत होता आणि तेच वाईट होतं. "सायब, भट्टीला मानूस मिळंना म्हनून चाललंय हे. मालकानं सांगितलं आसंल, थांबवा त्येला. मी थांबायचा, एक तारीख हुईल, तुमी म्हनशिला तुजं नाव बसत न्हाय. तवर मे येतोय. माजी पोर न्हाय रं थांबायची."

"मालकांनी माणूस बघितलाय तुझ्या जागी. खरं सांगतो."

"तुमचं खरं फळ्यावर वाचलंय म्या."

बाराला चार. बाहेर जीप चालू झाल्याचा आवाज आला.

तानाबाईनं सोमशेखरच्या हातातला फॉर्म ओढून घेतला आणि उलटा केला. मागच्या अंगाला बारीक छापलेलं होतं. ती भावाच्या पुढ्यात उभी राहिली. "मी वाचतो, तू ऐक."

"आक्का..."

"ऐक म्हनतो न्हवं." तिनं बोट ठेवलं. "कु-टुं-ब म्ह-ण-जे. प-ती किं-वा प-त्नी. अ... अदन्... हे काय अक्षर, अण्णा?"

"ज्ञ. अज्ञान."

"अ-ज्ञा-न मु-ले."

पिराजीच्या कपाळाला आठी पडली. "शाळंत जाती की ती. अज्ञान कशी?"

"अज्ञान म्हणजे लहान. वयानं लहान," सोमशेखर म्हणाला.

"मग ल्हान लिवायला काय झालं हुतं?"

"गप," तानाबाई म्हणाली. बोट घामानं कागदाला चिकटत होतं. "त-सेच अ-वि... अ-वि-वा-हि-त मु-ल-गी. अ-व-लं... हे मला येत न्हाय. पुढं, आ-ई-व-डी-ल."

पिराजी बहिणीच्या बोटाकडं बघत होता. आयुष्यभर लोकांनी त्याला छापील सरकारी कागद वाचून दाखवले होते, भराभरा, मधली ओळ गिळून. वाचता येणाऱ्याला कुठं थांबायचं आणि कुठून उडी मारायची हे ठाऊक असतं. त्याच्या बहिणीला नव्हतं. तिला जे अक्षर लागत होतं तेवढंच ती बोलत होती, आणि जे लागत नव्हतं तिथं अडत होती. हे तिनं मनातून रचलेलं असतं तर 'अविवाहित'पाशी अडली नसती. पोरीला अज्ञान तर ती मेली तरी म्हणाली नसती.

"मुलगी हाय तितं?"

"बघ की. चौथी शिकलायंस न्हवं?"

त्यानं वाकून बघितलं. ओठ हलले. मग तो टोपी तिथंच टाकून धावला.

जीप गेटाकडं वळली होती. पिराजी आडवा जाऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला, हातांचे काळे ठसे उमटले. तो नुसता धापा टाकत होता. अमरसिंहांनी शेजारच्या सीटवरून कागद उचलला. खाली सही झालेली नव्हती. म्हणाले, "खात्रीनं?"

"व्हय."

"पुन्हा आणू नकोस. आणलास तर पुढच्या वेळी मी विचारणार नाही."

कागद हातात आल्यावर पिराजीला तो फाडायचाही धीर होईना. त्यानं घडी घालून बहिणीच्या हातात दिला. तिनं तो सरळ भट्टीच्या राखेत टाकला.

पण फोटो नव्हता. फॉर्मबरोबर पोरीचा आणि बापाचा फोटो लागणार होता, आज, पाचच्या आत. पिराजी सायकल घेऊन शाळेकडं गेला. सोमशेखरनं जेवणाच्या सुट्टीची घंटा पंधरा मिनिटं आधी वाजवली, फळ्यावरची आपली नोटीस स्वतःच्या हातानं उतरवली आणि खडू घेऊन उभा राहिला.

"तानाक्का, सांगा. कसं लिहू?"

"घरात कोन कोन जेवतं त्या समद्यांची नावं आना, आसं लिवा."

"तसं नको. मग भाऊ, भावजया, पाहुणे, सगळे येतील."

"मग लिवा. बायकू. बाईमानूस आसंल तर नवरा. पोरंपोरी. आनि तुमच्याच जिवावर आसल्यालं म्हातारं आईबा. बास."

सोमशेखरनं तसंच लिहिलं, 'बास'सुद्धा. लोक डबे हातात घेऊन वाचत उभे राहिले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे माजी आई बसती व्हय?" आणि लगेच दुसरा, "आरं, माजी चार पोरं भाईर ऱ्हायली की." एकदम गलका झाला. कुणी सोमशेखरला शिव्या दिल्या, कुणी आपल्यालाच. विठाबाई म्हणाली, "माजा दाल्ल्या दिसभर घरात दारू पितोय, त्येचा फोटू काडायचा म्हंजे आदी त्येला हुबा करायला पायजे."

तीनला पिराजी सायकलवरून आला. पोर घरी सोडून आला होता. अर्जंट काढलेले दोन ओलसर फोटो त्यानं वर्तमानपत्राच्या घडीत आणले होते. फोटोवाला म्हणाला होता तोंड धुऊन ये, तर हा म्हणाला वेळ नाही. त्यामुळं फोटोत तेल लावून वेणी घातलेली क्रांती आणि तिच्या शेजारी काजळीनं काळा झालेला बाप, डोळे तेवढे पांढरे. सोमशेखर बघून म्हणाला, "हा तूच आहेस असं कुणी म्हणणार नाही."

"रस्त्यात कुनाला बी इचारा," पिराजी म्हणाला.

तो भट्टी साफ करायला थांबला. ते त्याचंच काम होतं, आणि आज कुणाला काही बोलायला जागा ठेवायची नव्हती. तानाबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून सोमशेखरबरोबर एसटीत बसली. तो नको म्हणत होता. ती म्हणाली, "मी येतो. आता माजा कागदावर भरोसा ऱ्हायला न्हाय." गठ्ठा तिनं मांडीवर घेतला आणि स्टँड येईपर्यंत त्यावरचा हात काढला नाही.

विमा ऑफिसच्या खिडकीपाशी पाऊण तास रांग होती. पावणेपाचला त्यांचा नंबर आला. सोमशेखरनं खरं काय झालं ते सांगितलं, काही न लपवता, आणि सांगताना त्याची मान खाली होती. आतल्या बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं. म्हणाल्या, नीट भरलेले आज घेते, बाकीचे पुढच्या शुक्रवारी आणा, एक तारखेच्या आत. त्याच्यापुढं एक दिवस नाही. नीट भरलेले होते सात. सहा कोअरवाल्या बायकांचे आणि पिराजीचा. पाचजणी सुट्टीतच घरच्यांना घेऊन फोटोवाल्याकडं धावल्या होत्या आणि तानाबाईला दाखवायला कुणी नव्हतं. सोमशेखरनं कपाळ पुसलं.

बाईंनी पिराजीचा फॉर्म उचलला. 'नाही' खोडून त्याच्यापुढं मोत्याच्या अक्षरात लिहिलं होतं, मुलगी, क्रांती, वय आठ. त्यांनी फोटो जवळ धरला, दूर धरला.

"हा कोण? आलाय का?"

"कामावर हाय," तानाबाई म्हणाली. "भट्टीवर."

"तुम्ही कोण त्याच्या?"

"भन. पोरीला मीच वाडीवलंय."

बाईंनी फॉर्मवरून बोट फिरवलं. आवाज जरा मऊ झाला. "बहीण ह्यात येत नाही हं. तुमचं नाव ह्याच्यावर नाही घालता येणार."

"म्हायती हाय," तानाबाई म्हणाली. "मागं लिवलंय. वाचलंय मी."

बाईंनी शिक्का शाईत दाबला.